मोडतोड खात्याचे सर

जगातली कुठलीही वस्तू एकदा वाकवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा नेम पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्याच माणसाच्या हाताखाली मी बारा वर्षं नोकरी केली. ते आमचे सर. परभणीला विद्यापीठात वर्कशॉपच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि दारावर 'सजीवांचे व शेतमालाचे बलशास्त्र : अभ्यासगट' अशी पाटी होती. पाटी वाचून कोणालाच काही कळत नसे. ज्वारीचं धाट वाऱ्यात किती वाकतं आणि कुठं मोडतं, बैलाच्या खांद्यावर जू नेमकं कुठं टेकतं, तुरीची शेंग किती दाबली की उलते, ओलं कातडं किती ताणतं, असल्या गोष्टी आम्ही दिवसभर मोजत बसायचो. सगळं विद्यापीठ आम्हाला 'मोडतोड खातं' म्हणे. एकदा वरच्या कचेरीतून आलेल्या पाकिटावर कोणीतरी खरोखरच तसा पत्ता घातला होता. मला राग आला. सरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि 'पोचलं ना बरोबर?' एवढंच म्हणाले.

सर मूळचे जिंतूरचे. घरात कापडाचं दुकान, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, सोमवारचा उपास, सगळं घराण्याच्या रीतीनं. पण लहानपणी गादीवर बसवलं की हा मुलगा गिऱ्हाईकासमोर कापड दोन्ही हातांनी ताणून पाहायचा आणि गंभीरपणे सांगायचा, 'हे इथून फाटेल.' बहुतेक वेळा ते तिथूनच फाटायचं, हे आणखी वाईट. दोन दिवाळ्या वडिलांनी कशाबशा काढल्या आणि मग मुलाला शिकायला औरंगाबादला पाठवून दिलं. सर म्हणायचे, 'माझ्या बुद्धीमुळे नाही हो, दुकान वाचावं म्हणून मला इंजिनियर केलं.'

मी सेलूची, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले तेव्हा टेबलापलीकडे तिघंजण होते. दोघांनी मला पुस्तकातले प्रश्न विचारले. तिसरे सर. त्यांनी खिशातून शेवग्याची शेंग काढली, माझ्यासमोर आडवी धरली आणि विचारलं, 'ही कुठं मोडेल?' मी घाबरून जे मनात आलं ते बोलले, 'भांडं केवढं आहे त्यावर.' बाकीचे दोघं माझ्याकडे दयेनं बघायला लागले. सर मात्र इतके हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. जागा मला मिळाली. ती शेंग त्यांनी घरी नेली असणार, कारण वाया काही घालवायचं नाही हाही त्यांचा नेम होता.

त्यांच्या खिशात पेनाच्या शेजारी एक लहानसा स्प्रिंगचा काटा कायम लटकलेला असे. त्याचा आकडा ते कशालाही अडकवत. वासराच्या दाव्याला अडकवत, विहिरीवरच्या दोराला अडकवत, एकदा तर कुलगुरूंच्या दाराला अडकवला होता, कारण ते दार उघडायला इतर दारांपेक्षा जास्त जोर लागतो असा त्यांना संशय होता. तो खरा निघाला आणि त्यांनी तो आकडा आत बसलेल्या कुलगुरूंना सांगितलाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, त्यामुळे सगळ्यांनाच 'अहो' म्हणत. बैलांनाही अहो. जू टेकतं कुठं ते पाहायचं असलं की बैलाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणायचे, 'अहो, जरा तिकडं सरकता का?' आणि बैल सरकायचा. आमचा शेतावरचा गडी तोच बैल हलवायला गेला तर शिव्या देऊनही हलत नसे.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला हे लोक चारठाण्याला गेले होते, ती गोष्ट मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, निदान दहा वेळा सांगितली असेल. पोह्यांच्या ताटल्या आल्या, प्रत्येकीवर एकेक भाजलेला पापड. सरांनी आपला पापड उचलला, दोन्ही हातांच्या बोटांत धरला आणि अगदी सावकाश वाकवायला सुरुवात केली. हळूहळू सगळी बैठक गप्प झाली. मुलीचे वडील, मामा, मध्यस्थ, सगळे त्या पापडाकडे बघत राहिले. तो बराच वाकला आणि मग मोडला. सर म्हणाले, 'पीठ फार मन लावून मळलंय.' मुलीच्या वडिलांना हा होकार वाटला आणि त्यांनी तिथल्या तिथं गूळ वाटला. पुतण्यानं तोवर मान वर करून मुलगी पाहिलीसुद्धा नव्हती. संसार मात्र चांगला झाला. सून पुढं कितीतरी वर्षं सासरी पापड केले की पहिला सरांपुढं ठेवायची.

एकदा मी आणि सर जालन्याहून एस.टी.नं परत येत होतो. देवगाव फाट्याजवळ रस्त्यालगतची ज्वारी आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं लोळली होती, पण सगळी नाही. मधूनच काही धाटं ताठ उभी. गाडी फाट्यावर थांबताच सर कंडक्टरला 'पाचच मिनिटं' म्हणून उतरले. ते एकटे कसे जातील म्हणून मी उतरले. गाडी आमच्या पिशव्या घेऊन परभणीला गेली. सर रानात उकिडवे बसून एकेका धाटाच्या बुडाशी बोट लावत होते. थोड्या वेळानं रानाचा मालक आला.

'पंचनामा करायलेत का साहेब?'

'नाही हो. मी नुसतं बघतोय.'

'बगून काय व्हतंय?'

'ते अजून कळलेलं नाही.'

इतकं खरं उत्तर त्या माणसाला सरकारी माणसाकडून बहुधा पहिल्यांदाच मिळालं असावं. तोही शेजारी बसला आणि बघायला लागला. नंतर त्यानं आम्हाला धपाटे आणि दही खाऊ घातलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत सर त्याला, कुठलं धाट आधी पडलं हे आठवतंय का, असं विचारत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाबतीत मला कधी उलगडली नाही. दिवसभर मोडण्याचंच काम करणाऱ्या या माणसाला मोडण्याचा आवाज सहन होत नसे. आमचं यंत्र वर्कशॉपमधल्या फिटरनं बनवलं होतं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. कडबा कापायच्या मोडक्या अडकित्त्याचा सांगाडा, सायकलची साखळी आणि तेलाचा एक डबा यांतून त्यांनी ते उभं केलं होतं. धाट दोन टेकूंवर आडवं ठेवायचं, मधोमध डबा टांगायचा, डब्यात थेंब थेंब पाणी सोडायचं. धाट वाकत वाकत जायचं आणि एका थेंबाला कट्ट करून मोडायचं. तो थेंब जवळ आला की सर डोळे मिटून घ्यायचे. उस्ताद मान हलवत म्हणायचे, 'साब, इत्ता जी जलता तो कायकू मोडते? अच्छा खासा धाट है.' सर डोळे न उघडताच विचारायचे, 'झालं का?'

या आमच्या तिघांच्या खात्यात चौथं माणूस आलं ते गयाबाई. विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीनं कामाला असलेली चाळिशीतली बाई. रानातून धाटं कापून, पेंड्या बांधून आमच्या खोलीत आणून टाकायचं काम तिच्याकडे होतं. ती पेंडी दाराशी ठेवायची आणि बाहेर थांबायची. बाहेर पत्र्याच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एक कप टांगलेला असे. शेतावरच्या काही माणसांना चहा द्यायचा तो कप. तो तिथं कोणी टांगला, कधीपासून टांगला, मला माहीत नव्हतं. मी रोज त्या खिळ्यासमोरून जात होते आणि मला तो दिसत नव्हता, हे मी आज लिहिते आहे ते काही अभिमानानं नाही.

आमच्या खोलीत चहा सरच करायचे. एक दिवस त्यांनी आपल्या कपाचा कान किती जोर सोसतो ते पाहिलं आणि कान हातात आला. मग ते इकडंतिकडं बघत बाहेर गेले, खिळ्यावरचा कप काढला, विसळला, त्यात चहा ओतून प्यायला बसले. गयाबाई दारात पेंडी घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

'सर, त्यो माजा कप हाय.'

सर ओशाळले. 'अहो, चूक झाली. मग तुम्ही माझा घ्या.'

'तुमचा तर मोडलाय.'

'कान मोडलाय. कप चांगला आहे.'

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली. उस्तादांनी उठून तिसरं स्टूल टेबलाशी सरकवलं आणि म्हणाले, 'बैठो बाई, चाय थंडी होती.' ती अवघडून टोकावर बसली. दुसऱ्या दिवशी सरांनी बाजारातून चार सारखे कप आणले. सर हे मोठ्या मनानं वगैरे वागले असं मला कधी वाटलं नाही. त्यांना चार माणसं दिसत होती, म्हणून चार कप.

गयाबाई आत बसायला लागली आणि सरांना एक गोष्ट दिसली. पेंडी सोडल्यावर ती एकेक धाट उचलायची, एका ठराविक पेरावर अंगठा दाबायची आणि काही डावीकडे, काही उजवीकडे टाकायची. कोणी सांगितलं नव्हतं, हाताला सवय असावी तसं.

'हे काय करताय?'

'काई न्हाई. ही लवकर मोडत्याल, म्हनून इकडं टाकायलेय.'

सर खुर्चीतून उठले. मग आठवडाभर आमच्या खोलीत दुसरं काही झालं नाही. गयाबाईनं अंगठा दाबून सांगायचं, मी लिहायचं, आणि मग उस्तादांच्या यंत्रावर धाट चढवायचं. यंत्राचं आणि तिचं जवळजवळ प्रत्येक वेळी जमलं. जिथं जमलं नाही तिथं पुन्हा तपासल्यावर उस्तादांना डब्याला बारीक भोक सापडलं. सर आनंदानं नुसते येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी तिला उभ्या पिकात नेलं. रब्बीची ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. जी झाडं वाऱ्यात पडतील असं वाटतं त्यांना तिनं लाल दोरा बांधायचा. तिनं हसत हसत, ओळीतून चालता चालता दोरे बांधले. पुढं वारं सुटलं, आणि लाल दोऱ्याची झाडं लोळली. कुठलं वाण वाऱ्यात टिकेल हे कापणीच्या कितीतरी आधी, नुसत्या अंगठ्यानं सांगता येत होतं. सरांनी आठ वर्षं ज्यासाठी धाटं मोडली होती, ते तिच्या बोटात होतं.

'हे कुठं शिकलात?' सरांनी विचारलं.

'शिकायचं काय त्यात? घराच्या कुडाला कोनचं धाट घ्यावं ते मायनं दावलं व्हतं. कच्चं धाट घातलं की भित वाऱ्यानं हालती.'

'तुमच्या घराला तुम्हीच निवडलेली धाटं होती?'

'व्हय. एकूनएक.' ती धाटं निवडतच होती. 'लय मजबूत कुड व्हता. कदी वाऱ्यानं हालला न्हाई. नामांतराच्या दंग्यात जाळला त्येनी. आदी गंजी पेटवल्या, मग घरं. आमी पळत पळत हिकडं आलाव.'

हे तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की क्षणभर मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. औरंगाबादच्या विद्यापीठाला नवं नाव द्यावं की देऊ नये यावरून अठ्ठ्याहत्तर साली जे पेटलं, ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते माझ्या समोरच्या स्टुलावर बसून रोज चहा पीत होतं, हे मला माहीत नव्हतं. उस्तादांनी पाण्याचा नळ बंद केला. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. त्यांना बोलायची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी विचारलं, 'किती वर्षं उभा होता तो कूड?'

'नऊ.'

सरांनी वही ओढली आणि त्या दिवसाच्या मोजमापांच्या खाली लिहिलं : गयाबाईंचा कूड, नऊ वर्षं, वाऱ्यानं पडला नाही. ती वही आता माझ्याकडे आहे.

मग निबंध लिहायचा ठरला. इंग्रजीत, विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेसाठी. सरांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. लेखकांच्या नावांशी आल्यावर ते म्हणाले, 'तिघांची घाला. माझं, तुमचं, गयाबाईंचं. उस्तादांना विचारलं, ते म्हणतात यंत्राखाली नाव कोरलंय तेवढं पुरे.' मी गयाबाईला पूर्ण नाव विचारलं. तिनं सांगितलं : तिचं, नवऱ्याचं, आडनाव. मी तसंच लिहिलं.

निबंध विभागप्रमुखांच्या सहीशिवाय पुढं जात नसे. साहेब वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी नावं वाचली, शेवटच्या आडनावाशी थांबले आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. मी फाईल घेऊन शेजारी उभी होते.

'या कोण?'

'आपल्या शेतावर आहेत. रोजंदारीवर.'

'मजूर? सर, लोक हसतील. आणि सध्या दिवस कसे आहेत ते तुम्ही बघताय. नावावरून आधीच एवढं झालंय. कशाला उगाच?'

'पण मोजमाप त्यांचं आहे.'

'मग शेवटी आभारात घाला की.'

सरांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, 'आभार चहा दिल्याबद्दल मानतात. चहा तर मी करतो.'

साहेबांनी फाईलवर नकाराचा शेरा मारला आणि ती मिटून परत दिली. त्या वर्षी सरांच्या प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि हा निबंध छापला गेला असता तर ते पद त्यांचंच होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिसरं नाव खोडायला एक रेघ पुरली असती. मी ते सुचवून पाहिलं, हेही सांगून टाकते. सर माझ्यावर रागावले नाहीत. 'अहो, मग ते खोटं होईल,' म्हणाले, आणि तुरीच्या शेंगा मोजायला बसले. पद दुसऱ्याला मिळालं.

गयाबाईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण विद्यापीठात गोष्टी राहत नाहीत. एक दिवस ती पेंडी न आणताच आली आणि उभी राहूनच बोलली.

'सर, माजं नाव काडून टाका. मला काय करायचंय त्येचं? माज्यामुळं तुमची बढती गेली म्हनत्यात लोकं.'

'बढती झाली असती तर मला वरच्या कचेरीत बसवलं असतं. तिथं धाटं नाहीत.'

'म्या थट्टा करायले न्हाई.'

'मीही नाही.' सरांचा आवाज मऊच होता. 'बाई, तुमचं नाव काढलं तर हे कसं कळलं असं कोणी विचारलं की मला खोटं सांगावं लागेल. मला ते जमत नाही. लहानपणी दुकानातसुद्धा जमलं नाही.'

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या मग,' आणि धाटं आणायला गेली. घरी काकूंनाही कळलं होतंच. त्या मला म्हणाल्या, 'नाव काढू नका म्हणावं. काढलं तर घरी येऊन सगळी भांडी वाकवत बसतील.'

त्यानंतर दर वर्षी होळी झाली की सर धुतलेला बुशशर्ट घालून, तीच फाईल काखेत मारून साहेबांकडे जायचे. पाच मिनिटांत परत यायचे. 'यंदा नाही,' म्हणून फाईल कपाटात ठेवायचे. त्यांना राग येत नसे, कंटाळा येत नसे. पंचांग आणायला जावं तसे ते जायचे. साहेब बदलले. दुसरे साहेब पहिल्यांच्या शेऱ्यावर बोट ठेवून नाही म्हणाले, तीन वर्षं म्हणाले. मग तिसरे आले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावरच्या साठलेल्या ढिगावर, काही न वाचता, सह्या करून टाकल्या. सर सही घेऊन आले तेव्हा खोलीच्या दारात गोंधळून उभे राहिले. सहा वर्षं जिथं खेटे घातले ते दार असं नुसतंच उघडावं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. 'वाचलं नाही हो त्यांनी,' ते मला म्हणाले. उस्ताद म्हणाले, 'साब, अब जाको पढाते क्या उनकू? बैठो.'

निबंध छापून आला. पत्रिकेच्या प्रती आल्या त्या दिवशी सरांनी गयाबाईला बोलावलं आणि पान उघडून तिच्या पुढं ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. 'ह्यात म्या कुटं हाय?' तिनं विचारलं. सरांनी दाखवलं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं नाही, नुसतं वाकून पाहिलं, आणि मग पदर सावरून बसली. 'आता काय लिवलंय ते सांगा.'

मी मराठीत सांगत गेले. ती लक्ष देऊन ऐकत होती. जमिनीपासून दुसरं पेर दाबून पाहिलं असता, असं मी म्हणाले आणि तिनं हात वर केला.

'जमिनीपासून दुसरं? न्हाई. तिसरं.'

'पण तुम्ही इथं दुसरंच दाबत होता.'

'हितं व्हय. पन ही धाटं म्या वीतभर वर कापून आनते. तुमच्या यंत्रात बसाव म्हनून. खाली एक पेर रानातच ऱ्हातंय. त्ये कोनी मोजायचं?'

सहा वर्षं एकेका अक्षरासाठी अडून राहिलेल्या त्या निबंधात मुख्य गोष्टच चुकली होती, आणि मोजमापं लिहून घेताना ती चूक माझी झाली होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी तो निबंध छापून आल्यावरही पाहिला नव्हता. 'चला,' म्हणाले. आम्ही चौघं भर उन्हात रानात गेलो. कापून नेलेल्या ज्वारीची बुडखं उभी होती. सर गुडघ्यांवर बसले, माती हातानं बाजूला केली आणि एका बुडख्यावर बोट ठेवून मोजलं. एक पेर तिथंच होतं. 'बरोबर आहे,' ते म्हणाले. 'अहो, अगदी बरोबर आहे.'

पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापून आलं. चारच ओळी. सर निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी लिहिलेला तो शेवटचा मजकूर. त्यात गयाबाईचं नाव पहिलं होतं, कारण चूक तिनं पकडली होती. या वेळी कोणाची सहीही लागली नाही. चुकीची दुरुस्ती फार कोणी वाचत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव अखेर बदललं. दुसऱ्या दिवशी गयाबाई नवं लुगडं नेसून माझ्या दारात आली, हातात पेढ्यांचा पुडा. सर निवृत्त होऊन घरी बसले होते, तब्येत बरी नव्हती. तिला त्यांच्याकडे जायचं होतं, म्हणून मी बरोबर गेले. सर आरामखुर्चीत होते. त्यांनी पेढा घेतला, आणि तो खाण्याआधी दोन बोटांत जरासा दाबून पाहिला.

'किती वर्षं लागली?' त्यांनी विचारलं.

'सोळा,' मी म्हणाले.

'आपल्याला सहाच लागली. आपलं लवकर झालं म्हणायचं.'

गयाबाई हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग पुन्हा हसली. काकूंनी तिला हळदीकुंकवाचं वाण दिलं. निघताना सरांनी तिला उन्हाळ्यात कुठलं वाण पेरणार असं विचारलं. स्वतःचं रान तिला नव्हतं, पण त्या प्रश्नाला ती नीट उत्तर देत उभी राहिली.

त्याच उन्हाळ्यात सर गेले. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा गयाबाई आधीच येऊन व्हरांड्यात बसली होती. काकूंनी तिला आत बोलावून आपल्याजवळ बसवलं. माणसं येत होती, सरांच्या विद्वत्तेबद्दल बोलून जात होती. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, 'लय इचारायचे सर.'

'काय विचारायचे?' काकूंनी विचारलं.

'काय बी. पेर कोनतं. हात दुकायलाय का. वारं कुनीकडून येतंय.' ती बोटांवर एकेक मोजत होती. 'त्येच्या आदी आमाला कोनी काई इचारलंच नव्हतं वो.'